दाद मागायची म्हणजे घर मोडायचं नाही



गटाच्या बैठकीत हप्ते गोळा होतात, हिशोब लागतो, वही मिटते आणि मग खऱ्या गोष्टी निघतात. नामपूर असो, ताहाराबाद असो, मुल्हेर असो की सटाणा शहर, आम्हाला सगळीकडे एकच वाक्य ऐकू येतं. ‘ताई, त्रास तर आहेच, पण केस केली तर मग राहायचं कुठं?’

या वाक्यात दोन समजुती दडलेल्या आहेत. एक अशी, की हाड मोडलं किंवा डोकं फुटलं तरच कायदा विचारतो. दुसरी अशी, की कायद्याकडे गेलं म्हणजे नवरा जेलात, बाई माहेरी आणि संसार संपला. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि त्यांच्यामुळेच बायका वर्षानुवर्षं गप्प बसतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या लग्न झालेल्या बायकांपैकी शंभरातल्या पंचवीस जणींनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. हाच हिशोब लावला तर बारा जणींच्या गटात तीन. त्या तिघी कोण, हे आपल्याला बहुधा माहीत असतं. आपण विचारत मात्र नाही.

म्हणून आज आपण दोन गोष्टी नीट समजून घेऊ. कायदा छळ कशाला म्हणतो आणि त्यावर दाद कशी मागायची.

छळाचे चार प्रकार

‘कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५’ हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याच्या कलम ३ मध्ये हिंसाचाराचे चार प्रकार सांगितले आहेत.

पहिला शारीरिक. मारणं, ढकलणं, चटके देणं, गळा धरणं, आणि जिवाला किंवा तब्येतीला धोका होईल असं काहीही.

दुसरा लैंगिक. बाईची लाज जाईल, तिचा अपमान होईल अशी लैंगिक वागणूक. ती नवऱ्याने केली तरी या कायद्यात ती हिंसाच आहे. नवऱ्याने केलेली जबरदस्ती आपल्या फौजदारी कायद्यात आजही बलात्कार धरली जात नाही, पण या कायद्याखाली तिच्यापासून संरक्षण मागता येतं. हे फार थोड्या जणींना माहीत असतं.

तिसरा शाब्दिक आणि भावनिक. शिव्या, टोमणे, चारित्र्यावर संशय, मूल होत नाही किंवा मुलगाच होत नाही म्हणून घालून पाडून बोलणं, ‘तुझ्या भावाला बघून घेतो’ अशा धमक्या. मूल न होण्यावरून किंवा मुलगा नसण्यावरून केलेल्या अपमानाचा उल्लेख तर कायद्यात शब्दाने केलेला आहे.

चौथा आर्थिक, आणि तो आपण गटाच्या बायकांनी नीट कान देऊन ऐकावा. घरखर्चाला पैसे न देणं, बाईचं स्त्रीधन काढून घेणं किंवा परस्पर मोडणं, तिचा हक्क असलेली मालमत्ता तिला न विचारता विकणं, जे वापरायचा तिला अधिकार आहे ते वापरू न देणं, ही सगळी आर्थिक हिंसा आहे. लग्नात माहेरून मिळालेली पोत आणि भांडी हे स्त्रीधन. सासरच्यांनी तिला भेट म्हणून दिलेला दागिनाही तिचाच. शेतमजुरीचे पैसे हातातून हिसकावणं, लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपये येतात त्या खात्याचं एटीएम कार्ड काढून घेणं, हेही यातच येतं.

इथे एक फरक लक्षात ठेवू. दोघांनी बसून ठरवलं, गटाचं कर्ज बाईच्या नावावर उचललं, ते द्राक्षबागेला लागलं आणि नेमका भाव पडला. हप्ता थकला म्हणून ही हिंसा होत नाही, ते दोघांचं नुकसान आहे. पण ‘कर्ज काढ नाहीतर घरात पाय ठेवू नको’ असं धमकावून सही घेतली, पैसा दारूत किंवा जुगारात घातला आणि हप्ता तिच्या माथी मारला, तर ती आर्थिक हिंसा ठरू शकते. न्यायाधीश एकटी एक घटना तोडून बघत नाहीत. सगळी परिस्थिती एकत्र बघायची, असं कलम ३ मध्येच सांगितलं आहे.

दाद कोणाला मागता येते?

फक्त बायकोला, असं पुष्कळ जणींना वाटतं. तसं नाही. आई, मुलगी, बहीण, विधवा सून, विधवा भावजय, लग्न न करता पण लग्नासारख्या नात्याने एका घरात राहिलेली बाई, या सगळ्यांना या कायद्याचा आधार आहे. रक्ताच्या, लग्नाच्या किंवा दत्तकाच्या नात्याने एका छपराखाली राहत असणं किंवा पूर्वी राहिलेलं असणं, एवढं पुरतं. शेत मुलाच्या नावावर करून दिल्यावर जिला जेवायला मिळत नाही, ती म्हातारी आईसुद्धा दाद मागू शकते.

आणि कोणाविरुद्ध? सुरुवातीला कायद्यात ‘प्रौढ पुरुष’ असे शब्द होते. मुंबईच्या हरसोरा कुटुंबातल्या आई आणि मुलीने घरातला मुलगा, सून आणि इतर मुलींविरुद्ध तक्रार केली होती. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि ६ ऑक्टोबर २०१६ रोजी न्यायालयाने ते दोन शब्द कायद्यातून काढून टाकले. आता त्रास देणारी सासू, नणंद, जाऊ असली तरी तिच्याविरुद्ध अर्ज करता येतो. मात्र या कायद्याखाली कुठल्याही बाईला घराबाहेर काढण्याचा आदेश देता येत नाही. सासूने छळ थांबवावा असा आदेश मिळेल, सासूला घराबाहेर काढा असा नाही.

पहिला रस्ता : संरक्षणाचा

कायद्याचे दोन रस्ते आहेत. पहिल्यात शिक्षेच्या आधी संरक्षण येतं. न्यायालय विचारतं, ‘बाई, काय चाललंय आणि तुला काय हवं?’ नवऱ्यापासून सुटका हवी का, हा प्रश्न त्यात नाही. घटस्फोट न मागता, त्याच घरात राहून हा अर्ज करता येतो.

तालुक्यासाठी संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. आपल्या भागाचे कोण, हे पंचायत समितीत एकात्मिक बाल विकास प्रकल्पाच्या कार्यालयात विचारा. ते तुमची हकीकत ठरलेल्या नमुन्यात लिहून घेतात. त्याला घरगुती घटना अहवाल म्हणतात. तुम्ही थेट न्यायालयातही जाऊ शकता. अधिकाऱ्याचा अहवाल नाही म्हणून अर्ज अडत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. कलम १२ खालचा हा अर्ज प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्यासाठी सटाण्याच्या न्यायालयात चालतो. सासर दुसऱ्या जिल्ह्यात असेल आणि तुम्ही सध्या माहेरी बागलाणात राहत असाल, तरी इथेच अर्ज करता येतो.

त्या अर्जात काय मागायचं, ते आता सांगतो.

संरक्षण आदेश : मारू नये, धमकावू नये, कामाच्या ठिकाणी किंवा माहेरी जाऊन त्रास देऊ नये, बाईचं खातं, लॉकर, स्त्रीधन यांना हात लावू नये.

निवास आदेश : घराबाहेर काढू नये, घर विकू किंवा गहाण टाकू नये, गरज पडली तर नवऱ्यानेच घर सोडावं, नाहीतर दुसरी जागा बघून भाडं भरावं.

पैशाचा आदेश : पोटगी, औषधपाणी, बुडालेली कमाई, मुलांचा खर्च.

याखेरीज मुलांचा तात्पुरता ताबा आणि सोसलेल्या त्रासाची भरपाईही मागता येते.

‘पण घर तर सासऱ्याच्या नावावर आहे,’ असं लगेच कोणीतरी म्हणतं. कलम १७ सांगतं, की घर कोणाच्याही नावावर असो, ज्या घरात ती नात्याने राहत आली त्या घरात राहण्याचा तिला हक्क आहे. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केलं, की घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी ते ‘सामायिक घर’ ठरू शकतं. म्हणजे सातबारा किंवा घरपट्टी तिच्या नावावर होईल असं नाही. पण न्यायालयाला न विचारता तिची पेटी रस्त्यावर ठेवता येणार नाही. हा हक्क असाच मिळालेला नाही. आपल्या शेजारच्या संगमनेरला १९८८ साली टाकलेल्या बायकांची परिषद भरली होती. आपल्याच घरात जागा द्या, हे मागायला बायकांना तेव्हा मांडवात एकत्र यावं लागलं. आज ते कायद्याचं कलम आहे.

पोटगीचा आदेश झाला आणि नवरा देतच नाही, असं होतं. त्यासाठी कलम २० मध्ये सोय आहे. तो जिथे नोकरीला आहे त्या मालकाला, किंवा ज्याच्याकडे त्याचं येणं आहे त्याला, त्यातला वाटा थेट बाईला द्या किंवा न्यायालयात भरा, असं न्यायालय सांगू शकतं. कांद्याचे पैसे व्यापाऱ्याकडे यायचे राहिले असतील तर ते त्याचं येणंच झालं. याशिवाय वेगळा पोटगीचा अर्जही करता येतो. पूर्वी ते कलम १२५ होतं, आता नव्या संहितेत कलम १४४ झालं आहे. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं, की पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून धरावी. म्हणून अर्ज लांबवू नका, जितका उशीर तितकं नुकसान तुमचं.

कायदा म्हणतो, पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी आणि पहिल्या तारखेपासून साठ दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात यापेक्षा जास्त वेळ लागतो, हे आधीच माहीत असलेलं बरं. म्हणून अर्ज देतानाच वकिलांना सांगा, ‘कलम २३ खाली तात्पुरता आदेशही मागा.’ प्रसंग गंभीर असेल तर समोरच्याचं म्हणणं ऐकण्याआधी, बाईच्या प्रतिज्ञापत्रावरसुद्धा असा आदेश देता येतो.

आता या रस्त्यावर शिक्षा कुठे येते, ते ऐका. संरक्षण आदेश हातात असताना त्याने पुन्हा हात उचलला, तर तो आदेश मोडणं हाच गुन्हा. एक वर्षापर्यंत कैद, २० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. त्यासाठी एकट्या बाईची साक्षही न्यायालय पुरेशी मानू शकतं. नवऱ्याला जेल होऊ नये असं जिला मनापासून वाटतं, तिच्यासाठी हा रस्ता आहे. आदेश पाळला तर जेल नाही. पाळायचा की नाही, हे त्याच्या हातात.

दुसरा रस्ता : गुन्ह्याचा

दुसरा रस्ता पोलीस ठाण्याचा. पूर्वी सगळे ‘चारशे अठ्ठ्याण्णव अ’ म्हणायचे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तेच कलम आता ८५ आणि ८६ झालं. नवऱ्याने किंवा त्याच्या नातेवाइकांनी केलेल्या क्रूरतेला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. क्रूरता म्हणजे काय? बाई आत्महत्येला प्रवृत्त होईल, किंवा तिच्या जिवाला, शरीराला, मनाच्या आरोग्याला गंभीर इजा होईल असं मुद्दाम वागणं. किंवा माहेरून पैसे, गाडी, जमीन आण म्हणून छळणं. म्हणजे इथली व्याख्या पहिल्या कायद्यापेक्षा अरुंद आहे आणि पुरावाही जास्त पक्का लागतो.

हे कलम आलं कसं, ते आपल्या महाराष्ट्राने विसरू नये. जून १९८२ मध्ये पुण्यात मंजुश्री सारडा ही बीडची लेक लग्नानंतर चारच महिन्यांत विषाने मरण पावली. तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं न्यायालयात वाचली गेली. त्यांत तिचं दुःख होतं. खालच्या दोन्ही न्यायालयांनी पतीला फाशी सुनावली. पण १७ जुलै १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, खून संशयापलीकडे सिद्ध होत नाही, आत्महत्येची शक्यता उरते, म्हणून त्याला निर्दोष सोडलं. खून झाला की नाही, एवढाच तिथे प्रश्न होता. बाई सासरी कशा अवस्थेत जगत होती, याला तेव्हा गुन्ह्याच्या कायद्यात वेगळं नावच नव्हतं. अशा मृत्यूंविरुद्ध देशभर बायका रस्त्यावर उतरल्या आणि डिसेंबर १९८३ मध्ये ‘४९८ अ’ आलं. मंजुश्रीच्या प्रकरणाला मात्र ते लागू होणार नव्हतं, कारण घटना आधीची होती. बाई मेल्यावर नव्हे, ती जिवंत असतानाच कायद्याने विचारावं, यासाठी हे कलम आहे.

पोलीस ठाण्यात काय होतं? एखादी चापट किंवा साधी मारहाण सांगितली, तर बहुतेक वेळा ‘एनसी’, म्हणजे अदखलपात्र नोंद होते. पोलीस त्यावर आपण होऊन तपास करत नाहीत. तरी तो कागद फेकू नका, तारीख असलेला तो पुरावा आहे. पण छळ सतत चालू असेल, तर एका दिवसाची चापट सांगून थांबू नका. लग्नापासूनची हकीकत क्रमाने सांगा, पैशाची मागणी झाली असेल तर ती सांगा. कलम ८५ चा गुन्हा दखलपात्र आहे, त्याची फिर्याद, म्हणजे एफआयआर, घ्यावीच लागते आणि तिची प्रत फुकट मिळते. ती बाई स्वतः देऊ शकते किंवा तिचे नातेवाईक. सासर कुठेही असो, आसरा घेतला त्या गावच्या ठाण्यात, मग ते सटाणा असो की जायखेडा, गुन्हा नोंदवता येतो. २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने हे पक्कं केलं आहे. अहिराणीत बोललात तरी चालेल. लिहिलेलं वाचून दाखवा म्हणा, पटलं तरच सही करा. फिर्याद घेतलीच नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार पोस्टाने पाठवता येते, आणि तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

दोन गोष्टी मात्र मनाची तयारी करून जा. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अशा गुन्ह्यात लगेच अटक होईलच असं नाही. पोलिसांना आधी अटकेची गरज तपासावी लागते, बऱ्याचदा नोटीस देऊन चौकशी होते. आणि हा गुन्हा एकदा नोंदवला की ठाण्यात बसून परस्पर ‘मिटवला’ असं करता येत नाही. तडजोड झाली तरी तो रद्द करायला उच्च न्यायालयात जावं लागतं. शिवाय शेवटच्या घटनेपासून तीन वर्षांच्या आत तक्रार व्हायला हवी. पहिल्या रस्त्यावरच्या कलम १२ च्या अर्जाला अशी मुदत नाही.

दोन्ही रस्ते एकाच वेळी धरता येतात. एक धरला म्हणून दुसरा बंद होत नाही.

पुरावा म्हणजे काय?

‘चार भिंतींत घडलं, साक्षीला कोण येणार?’ तर पुरावा असा जमतो. मार बसला तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा आणि ‘पडले’ म्हणू नका, कोणी मारलं ते सांगा. डॉक्टरांनी लिहिलेला कागद फार मोलाचा असतो. जखमेचा फोटो, धमकीचे मेसेज, फोनवरचं रेकॉर्डिंग जपून ठेवा. एनसीची प्रत, पासबुकातल्या नोंदी, दागिन्यांच्या पावत्या, लग्नाचे फोटो माहेरी किंवा भरवशाच्या मैत्रिणीकडे ठेवा. आणि एका वहीत तारीख टाकून दोन ओळी लिहा. लिहिता येत नसेल तर कोणाला तरी सांगा. जिने त्या वेळी ऐकलं, ती पुढे सांगू शकते.

गटाने काय करावं?

कलम ४ म्हणतं, की हिंसा घडली, घडते आहे किंवा घडेल असं वाटलं, तर कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. म्हणजे शेजारीण, आशाताई, अंगणवाडीच्या ताई, गटाची अध्यक्ष, कोणीही. ‘त्यांच्या घरातलं आपण कशाला बोलायचं’, याला कायद्याने दिलेलं हे उत्तर आहे. पुढे काय करायचं ते मात्र तिलाच ठरवू द्या. आपण सोबत जायचं, पण ‘केस करच’ किंवा ‘जमवून घे’ असं तिच्या वतीने ठरवायचं नाही. गावात पंच किंवा पोलीस पाटील बसवून बोलणं होत असेल तर होऊ द्या, पण ‘पुन्हा असं करणार नाही’ एवढ्या शब्दावर उठू नका. ठरलेलं लेखी घ्या, आणि जिवाला धोका असेल तर बैठकीची वाट बघू नका.

वकिलाचे पैसे नाहीत, ही अडचण खरी आहे. पण विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे कुठल्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी न्यायालयातच तालुका विधी सेवा समिती असते, तिथे साधा अर्ज करायचा.

कचेरीची पायरी चढायला आपल्याला अजून भीती वाटते. पण आपल्याच सटाण्यात यशवंतराव महाराज मामलेदार होते. १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना उपाशी माणसांसाठी मोकळा केला, म्हणून लोक त्यांना देवमामलेदार म्हणू लागले. कचेरी माणसासाठी असते, हे आपल्या गावाने दीडशे वर्षांपूर्वी पाहिलंय. आणि संरक्षण अधिकारी तर आपल्यावर उपकार करत नाहीत. न्यायालयाने सांगितलेलं काम त्यांनी विनाकारण केलं नाही, तर कायद्यात त्यांनाही शिक्षा आहे.

आता हे नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. तातडीची मदत ११२. महिला हेल्पलाइन १८१. फुकट कायदेशीर सल्ला १५१००. मुलांसाठी १०९८. जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर असतं, तिथे तात्पुरता निवारा, समुपदेशन, पोलीस आणि वकील यांची मदत एकाच जागी मिळते.

पुढच्या बैठकीत एक काम करा. संरक्षण अधिकाऱ्यांचं नाव आणि फोन विचारून तोही त्याच पानावर लिहा. आणि हिशोब झाल्यावर, वही मिटण्याआधी, दहा मिनिटं ठेवून हे चार प्रकार मोठ्याने वाचा. कोणाचंही नाव घ्यायचं नाही, कोणाकडे बघायचं नाही. जिला बोलायचं असेल ती आज नाही तर महिन्याने बोलेल. तिला एवढं कळायला हवं, की या गटात हे बोललेलं चालतं.